उसना कळप

अवकाळी पावसाला आम्ही भ्यायलो ते कांद्यासाठी. उत्तर सायबेरियातल्या यमालमध्ये तोच पाऊस रेनडिअर मारतो, हे उशिरा कळलं.

तिथले नेनेत्स लोक या हरणांच्या कळपांमागे फिरतात. मांस, कपडे, तंबूचं कातडं, सारं त्यांचंच. हिवाळ्यात हरणं खुरांनी बर्फ उकरून दगडफुलाच्या जातकुळीतला चारा खातात. आता समुद्रावरचा बर्फ घटतोय. उघड्या पाण्याची वाफ पाऊस होऊन पडते आणि गोठते. नोव्हेंबर २०१३ मध्ये चाऱ्यावर असंच टणक झाकण बसलं. त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० हरणं उपाशी मेली. कळप गमावलेल्यांनी मासे धरून दिवस काढले, उसनी जनावरं घेऊन पुन्हा सुरुवात केली.

उसनं बियाणं मागताना मान कशी खाली जाते, ते आम्हांला ठाऊक आहे.