पालेर्मोच्या दस्तरखानावरचा प्रश्न

भाच्याला मिलानमध्ये नोकरी लागली आणि त्याने हट्टच धरला, "मामू, मुमानी, या सुट्टीत तुम्ही यायचंच. पहिल्या पगारातून तुम्हाला जेवायला घालायचं आहे." शाळेची सुट्टी, व्हिसाची कागदपत्रे, साठवलेले पैसे हे सगळे जमून आले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे इटलीत उतरलो.

मिलान पाहून झाल्यावर त्याने विचारले, "आता रोम की व्हेनिस?" आम्ही म्हटले, "सिसिली." तो चकित झाला. पण आम्हाला बरीच वर्षे ते बेट पाहायचे होते. 827 साली अरब तिथे उतरले, 831 मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आले आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे ते शहर मुसलमानांच्या ताब्यात होते. 1072 मध्ये नॉर्मन लोकांनी ते जिंकून घेतले, पण कारागीर, हिशेबनीस, माळी आणि विद्वान त्यांनी जुनेच ठेवले. अल-इद्रीसी या भूगोलतज्ज्ञाने आपला मोठा ग्रंथ 1154 मध्ये पूर्ण केला तो इथल्या ख्रिस्ती राजासाठी, दुसऱ्या रॉजरसाठी, आणि अरबी भाषेत.

मिलानहून विमानाने दीड तासात पालेर्मोला पोहोचलो. जुन्या वस्तीत काही गल्ल्यांच्या पाट्या इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिप्यांत आहेत. कॅथेड्रलच्या दक्षिणेकडील दारापाशी एका खांबावर कुराणातील आयत कोरलेली आहे. एकेकाळी या जागी मशीद होती, त्या काळचा तो खांब. राजवाड्यातील प्रार्थनागृहाचे लाकडी छत तर थेट एखाद्या अरब महालातले वाटते. या साऱ्या अरब-नॉर्मन वास्तूंना 2015 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

बल्लारो बाजारात फिरताना आमची उर्दू कामाला आली. केशराला तिथे 'झाफ्फेरानो' म्हणतात, म्हणजे आपले जाफरान. साखर 'झुक्केरो', म्हणजे शकर. संत्रे 'अरांचा', म्हणजे नारंज आणि आपली नारिंगी. संत्र्या-लिंबाच्या फुलाला 'झागारा' म्हणतात, तो अरबी 'जहर', म्हणजे फूल. भाचा म्हणाला, "मी दोन वर्षं हे शब्द बोलतोय, पण लक्षातच आलं नाही." आम्हाला वर्गात मुलाने बरोबर उत्तर दिल्यासारखा आनंद झाला.

रात्रीच्या जेवणासाठी त्याने एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये आधीच टेबल राखून ठेवले होते. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री सव्वाआठच्या पुढे मावळतो. खोलीवर मगरिबची नमाज पढून आम्ही निघालो, तरी उशीर झाला नाही. तिथली माणसे जेवायला बसतातच नऊच्या सुमारास. जुन्या हवेलीचे अंगण, पांढरे शुभ्र टेबलक्लॉथ, प्रत्येकासमोर तीन-तीन ग्लास आणि दोन्ही बाजूंना काटे-सुऱ्यांची रांग. मेनूकार्डावर एका पास्त्याची किंमत 24 युरो, म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर! आम्ही एकमेकांकडे पाहिले. भाच्याने कार्ड मिटून बाजूला ठेवले आणि म्हणाला, "आज किमती बघायच्या नाहीत."

इटालियन जेवणाचा क्रम ठरलेला असतो. आधी 'अँटीपास्टो', म्हणजे तोंड चाळवणारे काहीतरी. मग 'प्रीमो', म्हणजे पास्ता किंवा भात. त्यानंतर 'सेकोंदो', म्हणजे मासे किंवा मांस. त्याच्यासोबत भाजी वेगळी मागवायची आणि शेवटी गोड. पाणीसुद्धा साधे की बुडबुड्यांचे, हे विचारून देतात. वाइन नको म्हटल्यावर वेटरने एक शब्द न बोलता वाइनचे ग्लास उचलून नेले. आम्हाला हायसे वाटले.

पण खरी अडचण पुढे होती. भाचा भराभर ऑर्डर सांगू लागला, तेव्हा आम्ही हळूच म्हटले, "बेटा, मासे ठीक आहेत. पण यात वाइन घालतात का, ते विचार ना."

त्याचे कान लाल झाले. "मुमानी, इथे असं कुणी विचारत नाही. मोठं हॉटेल आहे. मासेच तर आहेत. लोक बघतात हो."

आम्ही गप्प बसलो. मुलाने पहिल्या पगारातून बोलावलेले, त्याचा विरस का करायचा? एक रात्र काट्याने पदार्थ इकडेतिकडे सारून निभावून न्यावी, असेही मनात आले. पण घास तोंडापर्यंत नेताना शंका असेल, तर ती मेजवानी कसली? आणि आज आम्ही त्याच्यासमोर गप्प बसलो, तर उद्या तो एकटा असताना काय करील? शेवटी आम्हीच वेटरकडे पाहून आमच्या मोडक्या इंग्रजीत विचारले, "नो वाइन? नो पोर्क?"

वेटरने मान हलवली आणि तो आत गेला. दोन मिनिटांनी पन्नाशीतले मुख्य स्वयंपाकी स्वतः बाहेर आले. आता रागावतात की काय, म्हणून आम्ही सावरून बसलो. ते मात्र खुर्ची ओढून आमच्याजवळ बसले आणि भाच्याशी इटालियनमध्ये बोलू लागले. भाचा आम्हाला मराठीत सांगत होता. सार्डिन माशाच्या पास्त्यात ते कांदा परतताना थोडी पांढरी वाइन घालतात, पण आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात तिच्याशिवाय करतील. त्यात चीज नसते. वरून भाजलेला पावाचा चुरा घालतात. तलवार मासा फक्त तेल, लिंबू आणि ओरेगॅनोवर भाजलेला असेल. सुरुवातीला 'पानेल्ले' घ्या, त्यात चण्याचे पीठ, पाणी, मीठ आणि पार्स्ली, एवढेच.

मग भाच्याने विचारले, "आणि शेवटी कन्नोली?"

स्वयंपाक्यांनी बोट हलवले. "ते तुम्हाला चालणार नाही. वरच्या कुरकुरीत नळीच्या पिठात आम्ही डुकराची चरबी घालतो. आणि मार्साला वाइनही. जुनी पद्धत तशीच आहे."

भाचा एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने आमच्याकडे न पाहताच म्हणाला, "मामू, मी दोन वर्षं दर आठवड्याला कन्नोली खातोय. गोड आहे, गोडात काय असणार, असं वाटायचं."

आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला. "नकळत झालं, ते झालं. अल्लाह मन जाणतो. पण पुढच्या वेळी विचारायला लाजू नकोस."

पानेल्ले आले, आणि ती आपल्या बेसनाच्या वड्यांची सख्खी बहीणच निघाली. मग पास्ता आला. सार्डिन, रानबडीशेप, बेदाणे, चिलगोज्यासारखे दाणे आणि केशर. मासा आणि बेदाणा एका घासात! पहिल्या घासाला विचित्र वाटले, तिसऱ्या घासाला पटले. स्वयंपाकी पुन्हा डोकावले, तेव्हा आम्ही भाच्यामार्फत त्यांना सांगितले, की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात 'इत्रिया' नावाच्या लांब शेवया बनत आणि जहाजांनी मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत जात, असे अल-इद्रीसीने लिहून ठेवले आहे. आमच्या घरी ईदला अशाच बारीक शेवयांचा शीरखुर्मा होतो, दुधात, खजूर आणि सुक्या मेव्यासह. ते हसून म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमचे जुने गिऱ्हाईक!"

गोड म्हणून त्यांनी स्वतःच कलिंगडाचा 'जेलो' पाठवला. कलिंगडाचा रस, साखर, मक्याचे पीठ, वर पिस्ते आणि मोगऱ्यासारखा चमेलीचा वास. "यात जिलेटिनही नाही," असा निरोपही सोबत आला. आम्ही न विचारताच.

रात्री खोलीकडे चालत येताना आम्हाला शाळेची स्टाफरूम आठवत होती. गेल्या रमजान ईदला आम्ही शीरखुर्म्याचा डबा नेला होता. एका सहकारी बाईंनी वाटी हातात घेतली आणि विचारले, "यात अंडं वगैरे नाही ना? आणि पातेलं वेगळं असतं का हो?" आम्ही "नाही, नाही, निश्चिंत खा" म्हटले, पण आत कुठेतरी टोचले. इतकी वर्षे एका खोलीत वह्या तपासतो, एकमेकांचे तास घेतो, तरी हा प्रश्न? घरी येऊन आम्ही बराच वेळ त्यावर बोललोही होतो.

पालेर्मोच्या त्या टेबलावर तोच प्रश्न आमच्या तोंडी होता. विचारताना आमच्या मनात त्या स्वयंपाक्यांविषयी जराही हीन भाव नव्हता. उलट संकोच होता, भीती होती. मग बाईंच्या मनात तरी दुसरे काय असणार? प्रश्न तोच होता, फरक उत्तर देणाऱ्यात होता. त्या गृहस्थांनी आमचा प्रश्न अपमान मानला नाही. पाहुणा जेवावा, एवढेच त्यांनी पाहिले. हे तर आपल्या दस्तरखानाचे शिक्षण, आणि ते आम्हाला सिसिलीत जाऊन पुन्हा शिकावे लागले.

परतताना आम्ही स्टाफरूमसाठी तिथली 'मार्तोराना' मिठाई घेतली. बदामाचे पीठ आणि साखर यांची ती फळे असतात, इतकी हुबेहूब की संत्र्याची साल खरी वाटावी. मात्र दुकानदाराला आधी सगळे विचारून घेतले. या वेळी विचारणारा आमचा भाचा होता, आणि त्याचे कान लाल झाले नाहीत.

शाळा उघडल्यावर डबा टेबलावर ठेवला आणि बाईंनी तोंड उघडण्याआधीच आम्ही सांगून टाकले, "बदाम आणि साखर. अंडं नाही, चरबी नाही, दारू नाही. दुकानात विचारूनच आणलंय."

बाईंनी आमच्याकडे क्षणभर पाहिले. मग एक संत्रे उचलले, अर्धे खाल्ले आणि अर्धे रुमालात गुंडाळून मुलीसाठी पर्समध्ये ठेवले.