यात्रेतला घास

मैत्रिणींनो, रामनवमीला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीच्या यात्रेला जाणार असाल, तर माझा एक अनुभव ऐकाच!

आदल्या वर्षी तिथला बर्फ घातलेला उसाचा रस पिऊन आमची धाकटी चार दिवस आजारी होती. म्हणून यंदा आसेगावहून निघतानाच दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकळून गार केलेलं पाणी घेतलं. बाहेरचं काही खायचं नाही, असा माझा दंडकच!

पण सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाची रांग लांबली. चैत्राचं ऊन, पाणी संपलेलं, पोर रडकुंडीला आलेली. शेजारीच तीन दगडांच्या चुलीवर तांड्यावरच्या एक आजी लापशी शिजवत होत्या. त्यांनी तिला जवळ घेतलं, पाणी पाजलं, पत्रावळीवर गरम लापशी वाढली. ती मिटक्या मारत खाऊ लागली. मी मात्र उभीच.

"तू काहून उभी बाई? बस ना!"

खरं सांगू? मला अडवत होती ती स्वच्छतेची काळजी नव्हती, दुसरंच काही होतं. शाळेत मुलांकडून रोज प्रतिज्ञा म्हणवून घेणारी मी! लाज वाटली. बसले, पोटभर जेवले. आमच्या दशम्या आजींनीही आवडीनं खाल्ल्या.

तेव्हा बर्फाचा रस, उघड्यावरची भजी टाळाच. पाणी घरचं न्या. पण चुलीवरून थेट पानात आलेला मायेचा घास नाकारू नका. आणि हो, डब्यात दोन दशम्या जास्तीच्या घाला, देण्यासाठी!