मंगलाष्टकांत बोलणारी वधू

चारकोप, कांदिवली (पश्चिम)

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

आजीच्या ट्रंकेतील त्या जीर्ण पुस्तिकेत वधूच वराला अटी घालते, हे कसे, असे तू विचारलेस. आणि टोरंटोतील तुझ्या विवाहात तेच शब्द म्हणावेत काय, अशीही पृच्छा केलीस.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच डिसेंबरात सीताराम जबाजी आल्हाट व राधा निंबणकर यांचा विवाह पुरोहितावाचून लागला. लोकांच्या लक्षात राहिला तो एवढा भटजीविरहितपणाच, कारण तंटा त्यावरूनच माजला : पुढे जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या ग्रामजोशांनी, अशाच विवाहांमुळे आपला वतनी हक्क बुडाला म्हणून, गावच्या पाटलांवर फिर्याद गुदरली व ती थेट मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेली.

मला मात्र खरे धाडस वाटते ते १८८७ साली फुल्यांनी प्रसिद्ध केलेल्या पूजाविधीतील, म्हणजे आजीच्या त्या पुस्तिकेतील, मंगलाष्टकांत. रूढ विधीत ज्या वधूचे दान पिता करतो आणि जी अंतरपाटाआड मुकाट उभी राहते, तीच येथे भरमंडपात सांगते की स्त्रीजातीला स्वातंत्र्याची ओळखच कधी झाली नाही, तेव्हा तिचे हक्क तिला देण्याची शपथ आज घे. आणि वर, त्या हक्कांच्या स्थापनेसाठी आपण झटू, असे कबूल करतो. (तुझ्या आजोबांनीही ते खणखणीत आवाजात कबूल केले होते, पुढे उभ्या हयातीत चहाचे आधण काही त्यांनी ठेवले नाही.)

तरीही एक शल्य उरतेच. मागणारी ती आणि देणारा तो, ही मांडणी फुल्यांच्या काळी अपरिहार्य असेल, पण जो हक्क मुळातच तिचा, त्याचे दातृत्व वराकडे का असावे? या बाबतीत आपल्याकडचा १९५४ चा विशेष विवाह कायदा, त्याची भाषा कितीही रुक्ष असो, अधिक न्यायी आहे : निबंधक व तीन साक्षीदार यांच्या समक्ष दोघांनी परस्परांचा स्वीकार एकाच वाक्याने करावयाचा; फरक काय तो पती आणि पत्नी या शब्दांपुरता.

म्हणून माझी सूचना अशी की वधूची कडवी जशीच्या तशी ठेव, परंतु वराच्या तोंडीही एखादी मागणी घाल आणि तिला कबुली तू दे. त्याला मराठी येत नाही, तेव्हा अर्थ आधीच नीट समजावून सांग. कडव्यांची स्वच्छ नक्कल करून पुढल्या टपालाने धाडतो.

तुझा,
काका