सात हात रस्ता

रस्ता रुंद होणार अशी बातमी आली की कोकणातल्या गावात पहिला प्रश्न एकच असतो : कुणाचं काय जातं? कुणाचा गडगा, कुणाचा ओटा, कुणाचे दोन माड. दुसरा प्रश्न येतो तो देवळाला लागतोय का, मशिदीला लागतोय का, कब्रस्तानच्या भिंतीला लागतोय का. या दोन्हींची उत्तरं मिळाली की गाव निवांत होतं. पऱ्याचं काय होणार, मोरीतून किती पाणी जाईल, उकरलेली माती कुठे पडणार, हे सभेत कुणी काढत नाही. पऱ्या कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो आणि त्याची कमिटीही नसते.

आमचं गाव चिपळूण तालुक्यात, महामार्गापासून तीन किलोमीटर आत. रस्ता एकेरी, म्हणजे पावणेचार मीटर डांबर आणि दोन्ही बाजूंना गवताची साईडपट्टी. तो सात मीटर करायचा प्रस्ताव आला तेव्हा मोहल्ल्यात आणि वाड्यांत सगळ्यांनाच आनंद झाला, मलाही. समोरून एसटी आली की रिक्षा मागे घ्यावी लागते. रात्री बाळंतिणीला घेऊन निघालेल्या गाडीला समोरून डंपर आला तर काय होतं, ते आमच्या बायकांना विचारा. आखाती देशांतून सुट्टीवर येणारी मुलं गाड्या घेऊन येतात, शाळेची बस येते, आंब्याचा टेम्पो जातो. रस्त्याची गरज खरी आहे. म्हणून हा लेख रस्त्याच्या विरोधात नाही. रस्त्याचं माप कोण घेतं आणि त्यात काय काय मोजलं जातं, एवढंच मला सांगायचं आहे.

आपल्याला वाटतं की एवढं मोठं काम आहे, तर पर्यावरणाचा अभ्यास कुणीतरी केलाच असेल. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची केंद्र सरकारची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. तिच्यात राष्ट्रीय महामार्गाच्या विस्तारासाठी तीस किलोमीटरची मर्यादा होती. २०१३ मध्ये ती शंभर किलोमीटरपर्यंत वाढवली गेली, आणि जुन्याच आखणीवर चाळीस मीटरपेक्षा जास्त जादा जागा लागत असेल तरच मंजुरीची अट ठेवली गेली. उत्तराखंडातला चारधाम रस्ता जवळपास नऊशे किलोमीटरचा, पण तो ५३ तुकड्यांत विभागला गेला, प्रत्येक तुकडा शंभर किलोमीटरच्या आतला. हिमालयातल्या रस्त्याची ही गत, तर आमच्या तीन किलोमीटरला कोण विचारतो? झाडं तोडायची परवानगी लागते, खाडीकाठचा तुकडा असेल तर सीआरझेडचा प्रश्न येतो, वनखात्याची जमीन असेल तर त्यांची मंजुरी. यातलं काही लागू नसेल तर उरतो फक्त झाडांचा पंचनामा. जात, घेर, क्रमांक. आमच्या रस्त्याचा सगळा पर्यावरण अभ्यास त्या यादीत मावला.

झाडं मोजायलाच हवीत, याबद्दल वाद नाही. पण यादीत वड आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ दोघंही एकेक ओळ घेतात. उतारावरच्या जांभळाने खालची माती धरून ठेवली आहे, हे त्या ओळीत लिहायला रकाना नसतो. बदल्यात लावायची रोपं भलत्याच जागी लावली जातात आणि दोन उन्हाळ्यांत मरतात. शहरांसाठीच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये चांगली दुरुस्ती झाली : पन्नास वर्षांवरचं झाड वारसा झाड, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी रोपं. पण तो कायदा शहरांचा. गावाला अजून १९६४ च्या वृक्षतोड कायद्यावर भागवावं लागतं.

तेव्हा आम्ही ठरवलं की आपणच मोजू. सरपंचताई, शाळेतले एक निवृत्त गुरुजी, बौद्धवाडीतले दोघं आणि मी, असे पाच जण जूनच्या पहिल्या पावसात टेप आणि वही घेऊन रस्त्याने चालत गेलो. पावसात गेलो, कारण कोकणातला रस्ता समजून घ्यायचा तर पाणी वाहताना बघावं लागतं. उन्हाळ्यात सगळ्या मोऱ्या सारख्याच दिसतात.

हिशोब साधा आहे, कुणीही करू शकेल. पावणेचार मीटरचा रस्ता सात मीटर झाला तर सव्वातीन मीटरची नवी पट्टी येते. तीन किलोमीटरला ती झाली ९,७५० चौरस मीटर, म्हणजे जवळपास अडीच एकर. आमच्याकडे जुलैत दिवसाला शंभर मिलीमीटर पाऊस ही फार मोठी बातमी नसते. अडीच एकरांवर शंभर मिलीमीटर म्हणजे पावणेदहा लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे सत्त्याण्णव टँकर. आधी त्या जागेवर गवत होतं, जांभा होता, थोडं पाणी मुरायचं आणि उरलेलं सावकाश उतरायचं. डांबरावरून जवळजवळ सगळंच पाणी उतरतं, आणि एकदम उतरतं. ते जाणार कुठे? गटारातून मोरीत, मोरीतून पऱ्यात, पऱ्यातून खालच्या घरांच्या मागे.

रस्त्यावर आम्हाला अकरा मोऱ्या सापडल्या. अंदाजपत्रकाची प्रत माहितीच्या अधिकारात मागवली, तेव्हा कळलं की सगळ्या मोऱ्यांची फक्त लांबी वाढणार होती. रस्ता रुंद, म्हणून पाईप लांब. व्यास तोच, सहाशे मिलीमीटर. नऊशेचा पाईप टाकला तर आतली जागा सव्वादोन पट होते. लांब आणि अरुंद पाईप पालापाचोळ्याने लवकर तुंबतो आणि साफही करता येत नाही. मग पाणी रस्त्यावरून वाहतं, बाजूचा भराव खातं, आणि दोन वर्षांत नवाकोरा रस्ता कडेने खचतो. म्हणजे पऱ्याची काळजी घेणं ही रस्त्याचीच काळजी आहे, हे आम्हाला तिथे उभं राहून कळलं.

दुसरी गोष्ट डोंगराची. एका वळणावर रस्ता वाढवायला डोंगराचा पायथा कापायचा होता. वर जांभा असतो तोवर सगळं घट्ट वाटतं, पण त्याच्या खाली मऊ चिकण माती लागते आणि पाणी तिथूनच झिरपतं. उभा काप दिला की पावसात ती माती सरकते. परशुराम घाटात चौपदरीकरणासाठी डोंगर कापल्यावर पावसाळ्यात दरडी आल्या, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात कामासाठी घाट रोज दुपारी काही तास बंद ठेवावा लागला, हे चिपळूणच्या माणसाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट उकरलेल्या मातीची. अंदाजपत्रकात खोदाई होती, वाहतूक होती, पण माती टाकायची जागा कुठे लिहिलेली नव्हती. जागा लिहिलेली नसली की माती सगळ्यात जवळच्या पऱ्यात जाते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा, म्हणून चिपळूणकरांना उपोषणाला बसावं लागलं. नदीतला सगळाच गाळ रस्त्यांच्या कामाचा नसतो, पण पऱ्यात टाकलेली माती शेवटी नदीतच जाते. ती पऱ्यात ढकलायला जेसीबीला अर्धा तास लागतो. नदीतून काढायला सरकारला कोट्यवधी रुपये लागतात.

आता अवघड भाग. मोहल्ल्यात इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात हा विषय मांडला, तेव्हा एक वयस्क चाचा म्हणाले, "तू म्हणतोस ते खरं असेल. पण आपण गप्प बसलेलं बरं. उद्या व्हॉट्सॲपवर फिरेल, मुसलमानांनी रस्ता अडवला." कुणी हसलं नाही. प्रत्येकाच्या मनात तेच होतं. कब्रस्तानची भिंत रस्त्याला लागूनच आहे. आम्ही मोरीबद्दल बोललो तरी लोक भिंतीबद्दलच ऐकणार, ही भीती खोटी नाही. एक तरुण म्हणाला, "मग भिंत आपणच मागे घेऊ, म्हणजे बोलायला मोकळे." त्यावर बराच वेळ चर्चा झाली. त्या बाजूला जुन्या कबरी नव्हत्या, जमीन रिकामी होती. जमातीने ठराव केला : गरज पडली तर भिंत दीड मीटर आत घेऊ, पण पाण्याचा प्रश्न सोडणार नाही.

हा ठराव ग्रामसभेत वाचला गेला तेव्हा फरक पडला. खाली बौद्धवाडी आहे, तिच्या पलीकडे आमचाच मोहल्ला आहे, आणि पाणी दोन्हीकडे शिरतं. बौद्धवाडीतल्या ताईंनी २०२१ ला घरात पाणी किती चढलं होतं ते भिंतीवरची खूण सांगून दाखवलं. त्यानंतर तो प्रश्न कुणा एका समाजाचा राहिला नाही. ग्रामपंचायतीच्या कपाटातून लोक जैवविविधता नोंदवही काढली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती प्रत्येक गावात असायला हवी. आमच्या वहीत रस्त्याकडेचा एकही पऱ्या नव्हता. गुरुजींनी त्याच आठवड्यात तो लिहून काढला.

त्या दिवसांत मला एक हदीस वारंवार आठवायची. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे : रस्त्याच्या रुंदीवरून लोकांत वाद झाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) सात हात रुंदीचा निवाडा दिला. सात हात म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास, आमच्या एकेरी रस्त्याहून थोडा कमी. याचा अर्थ आजचा रस्ताही सात हातांचाच हवा, असं कुणी म्हणणार नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला आणि ओझ्याच्या जनावराला पुरेल इतका, असा त्याचा अर्थ जाणकार लावतात. मला त्यात दिसतं ते हे, की रुंदीला गरजेचं माप असतं. रस्ता वाटेल तेवढा अरुंद करता येत नाही, कारण तो सगळ्यांचा हक आहे. आणि ज्यांच्या जमिनीतून तो जातो त्यांचाही हक आहे, म्हणून वाटेल तेवढा रुंदही नाही.

फिक्हमध्ये हरीम नावाची कल्पना आहे. विहिरीभोवती, झऱ्याभोवती, झाडाभोवती काही हात जागा राखायची. विहिरीसाठी चाळीस हात सांगणारी हदीस आहे. आज आपण ज्याला बफर म्हणतो तेच हे. आपल्या धर्मात रस्त्यातली इजा दूर करणं हा ईमानचा भाग मानला जातो, आणि आपण लहानपणापासून त्याचा अर्थ काटा उचलणं, दगड बाजूला करणं असा शिकलो. मला वाटतं की रस्त्यामुळे दुसऱ्याच्या घरात शिरणारं पाणी हीसुद्धा इजाच आहे.

शेवटी काय झालं ते सांगतो. सात मीटरऐवजी साडेपाच मीटर रस्ता मान्य झाला, आणि जिथे वळण आंधळं आहे तिथे गाड्यांना थांबायला जादा जागा. त्याने नवीन डांबर अडीच एकरांवरून सव्वा एकराच्या थोडं वर आलं. अकरापैकी चार मोऱ्यांचे पाईप नऊशेचे झाले. डोंगराचा काप टाळण्यासाठी त्या वळणावर रुंदीकरण एकाच बाजूला, खालच्या अंगाला घेतलं. त्यात तीन काजू गेले, पण जांभळं राहिली. कब्रस्तानची भिंत दीड मीटर आत गेली. मातीच्या जागेचं मात्र आम्हाला लेखी उत्तर मिळालं नाही, आणि काही ट्रक पऱ्याच्या काठावर रिकामे झालेच. ते आम्ही फोटो काढून, तारीख घालून ग्रामपंचायतीत नोंदवलं आहे. या पावसात ती माती किती खाली जाते, ते बघायला पुन्हा वही घेऊन जायचं आहे.

तुमच्या गावात रस्ता रुंद होणार असेल तर एवढंच विचारा : इतकीच रुंदी कशासाठी, मोऱ्यांचा व्यास काय, डोंगर किती आणि कसा कापणार, माती कुठे टाकणार, आणि झाडं कमी असलेल्या बाजूला रस्ता सरकवता येईल का. शेवटचा प्रश्न अशक्य नसतो. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वड रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात जाणार होता, २०२० मध्ये लोक उभे राहिले म्हणून तो तोडायचा नाही असं ठरलं. मात्र हे सगळं अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी विचारा. कार्यारंभ आदेश निघाला आणि जेसीबी दारात आला, की तोच प्रश्न अडवणूक ठरतो, आणि आपल्यापैकी काहींच्या बाबतीत तर त्याहून वाईट काहीतरी.