आडनाव जुळलं, तरी वाडी विचारतात

कोणी आवडायला लागलं की सगळ्यांचं जे होतं, तेच आमचंही होतं. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर गाडी लागलेली असते आणि आम्ही ती मुद्दाम सोडतो, कारण ती व्यक्ती पुढच्या गाडीला येणार असते. मेसेज लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. निळ्या टिका दिसूनही उत्तर आलं नाही की घास उतरत नाही. इथवर आमच्यात आणि इतरांत काही फरक नाही.

फरक पुढे आहे. इतरांची धडधड 'हो म्हणेल का?' एवढीच असते. आमची त्याच्याही आधीची असते: कळल्यावर काय होईल? कोकणात जाधव, पवार, मोरे ही आडनावं मराठ्यांतही आहेत आणि आमच्यातही. त्यामुळे आडनावावर कोणाचं भागत नाही. मग प्रश्न येतो, "गाव कुठलं?" आणि लगेच, "वाडी कुठली?" 'बौद्धवाडी' म्हणायला एक सेकंद लागतो. त्या सेकंदात समोरचा चेहरा वाचायला आम्ही लहानपणीच शिकलेलो असतो.

याला भित्रेपणा म्हणू नका. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म सांगितलं: जातीबाहेर लग्न होऊ न देणं. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर 1931 साली सर्वांना खुलं झालं, पण स्थळं आजही जातीतच पाहिली जातात. म्हणूनच दोन तरुण जिवांचं एकमेकांकडे पाहणं या व्यवस्थेला खाजगी वाटत नाही. 2014 साली नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या शिकणाऱ्या मुलाचा खून झाला, सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून. 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. कायद्याने लग्न करावं, तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याची 30 दिवसांची नोटीस कार्यालयात लागते. घरच्यांना दबाव आणायला तेवढे दिवस पुरतात.

पण बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'त लिहिलं आणि आम्ही ते दर 14 एप्रिलला व्यासपीठावरून सांगतो. घरी मुलगी मोबाईल बघून हसली की मात्र आपलाच कार्यकर्ता विचारतो, "आपल्यातलाच आहे ना?" मुलगा मातंग किंवा चर्मकार निघाला तरी कपाळाला आठी पडते. ती आठी म्हणजे जातच.

तरुण मित्रमैत्रिणींनो, आवडणं ही लपवायची गोष्ट नाही आणि वाडीही नाही. कोणाला आवडावं म्हणून प्रोफाइलवरचा बाबासाहेबांचा फोटो काढू नका. जी व्यक्ती तो पाहून दूर जाते, ती पुढे लग्नाच्या मांडवापर्यंत टिकणार नव्हतीच. आणि समोरून नकार आला तर तो मानाने घ्या; समता तिथेही पाळायची असते.

वडीलधाऱ्यांना एकच विनंती. मुलांना आपल्या मनातलं सर्वांत आधी घरात सांगता आलं पाहिजे. संकट आलंच, तर ज्या घराला आधीपासून ठाऊक आहे तेच घर पाठीशी उभं राहू शकतं.

जय भीम!