एकाच पातेल्यातले जेवण

पौष पौर्णिमा जवळ आली की मुरबाड–कर्जत रस्त्यावरच्या आमच्या म्हसा गावाचा पसारा एकाएकी वाढतो. म्हसोबाच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो, घोंगड्यांच्या थप्प्या लागतात आणि एरवी लवकर निजणाऱ्या घरांत रात्री उशिरापर्यंत पंक्ती चालू राहतात. नोकरीधंद्यासाठी कल्याण-ठाण्याकडे गेलेली माणसे या दिवसांत घरी परततात. त्यामुळे यात्रेच्या रात्रीचे जेवण आमच्या घरी सणाच्या जेवणाइतकेच मानाचे असते. त्या पंक्तीत पहिले पान नेहमी माझ्या सासऱ्यांचे. बाजारातली बैलजोडी कितीला गेली, कोणत्या खोंडाची चाल चांगली होती, हे ऐकत ऐकत सगळे जेवत.

गेल्या आषाढात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात पुष्कळसा सुधारला, बोलणेही तुटक का होईना परत आले; पण गिळण्याची क्रिया पूर्ववत झाली नाही. पक्षाघातानंतर अनेक रुग्णांना ही अडचण येते. घशातले स्नायू वेळेवर हालत नाहीत आणि घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे वळण्याची भीती असते. तो तिकडे गेला तर फुप्फुसाला सूज येऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून गिळण्याच्या उपचारतज्ज्ञांनी त्यांना गुठळी नसलेले, न चावता गिळता येईल असेच अन्न द्यायला सांगितले. ओठांच्या कडेने अन्न ओघळते याचा त्यांना संकोच वाटे. “मी आधी जेवतो,” म्हणून ते सगळ्यांच्या आधी एकटेच जेवू लागले. दोन-चार चमच्यांनंतर मान फिरवीत. मार्गशीर्षापर्यंत वजन सहा किलोंनी उतरले, आणि ते असेच उतरत राहिले तर नळीने अन्न देण्याचा विचार करावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले.

यात्रेच्या जेवणाचा बेत ठरवताना म्हणूनच आमच्यापुढचा प्रश्न केवळ चवीचा नव्हता. हॉटेल व्यवस्थापन शिकणारी माझी पुतणी येताना ट्रफल तेलाची छोटी बाटली घेऊन आली होती. ती म्हणाली, “काकी, मोठ्या हॉटेलांत मॅश्ड पोटॅटो हा खास पाहुण्यांचा पदार्थ असतो. आजोबांसाठी वेगळे काही करण्यापेक्षा आपण सगळ्यांनीच तो खाल्ला तर?” तिच्या या एका वाक्याने बेताची दिशा बदलली. मऊ अन्न हे आजाऱ्याचेच, ही समजूत आपल्या मनात इतकी मुरलेली असते की तेच अन्न जगात कुठे तरी मेजवानीचे मानले जाते, हे आपल्याला सुचतच नाही. जोएल रोब्युशाँ हे फ्रान्समधले नामवंत आचारी घोटलेल्या बटाट्यासाठीच जगभर ओळखले गेले. त्यांच्या प्रसिद्ध कृतीत 1 किलो बटाट्याला 250 ग्रॅम लोणी पडते. आमच्या घरी रक्तदाबाचा रुग्ण असल्याने तेवढे लोणी शक्य नव्हते. पण त्या पदार्थामागचे शास्त्र मात्र घेण्यासारखे होते.

बटाटा उकडताना त्याच्या पेशींतले पिष्ट साधारण 60 ते 70 अंश सेल्सियसला पाणी शोषून फुगते आणि पेशींना एकमेकींशी बांधणारे पेक्टिन सैल होते. अशा वेळी पेशी हळुवारपणे सुट्या केल्या, तर लगदा हलका आणि मऊ होतो. मिक्सरच्या पात्याखाली मात्र त्या पेशी फुटतात, आतले फुगलेले पिष्ट बाहेर येते आणि खळीसारखा चिकट गोळा तयार होतो. निरोगी माणसाला तो फक्त बेचव लागेल. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसासाठी तो धोक्याचा असतो, कारण चिकट घास टाळूला आणि घशाला धरून राहतो. वाटून बारीक केले म्हणजे अन्न सुरक्षित झाले, असे होत नाही. ते बारीक, ओलसर आणि न चिकटणारे असावे लागते.

यावर उपाय आपल्याच फडताळात होता. पुरणयंत्र! पोळीच्या पुरणासाठी डाळ जशी जाळीतून दाबून काढतो, तसाच बटाटाही काढता येतो. युरोपातल्या स्वयंपाकघरांतही याच कामासाठी अशीच चाळणीची यंत्रे वापरतात. आम्ही साठवणीचे, पक्व, जाड सालीचे 1 किलो बटाटे घेतले. कारण नव्या, पातळ सालीच्या बटाट्यात पाण्याचा अंश अधिक असतो आणि तो तितका भुसभुशीत शिजत नाही. हिरवट पडलेले आणि कोंब आलेले बटाटे बाजूला काढले, कारण त्यांत सोलॅनिन हे अपायकारक द्रव्य वाढलेले असते. सोलून सारख्या आकाराच्या फोडी केल्या आणि थंड पाण्यातच शिजत ठेवल्या, म्हणजे त्या आतून-बाहेरून सारख्या शिजतात. सुरी सहज आरपार जाऊ लागली तेव्हा पाणी काढून टाकले आणि पातेले मंद आचेवर दोन मिनिटे हलवून फोडींवरचा ओलावा उडवला. मग गरम असतानाच त्या पुरणयंत्रातून काढल्या आणि तो लगदा आणखी एकदा बारीक चाळणीतून घासून घेतला. आधी 60 ग्रॅम ताजे लोणी मिसळले आणि त्यानंतर सुमारे पाव लिटर गरम दूध थोडे थोडे घातले. स्निग्ध पदार्थ आधी गेला की तो पिष्टाभोवती पसरतो आणि लगद्याला मऊपणा येतो. मीठ अर्धाच चमचा घातले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरात तो आकडा चुलीजवळ लिहून ठेवावा असाच आहे.

मीठ आणि लोणी कमी केल्यावर चवीची उणीव कशाने भरून काढायची? इथे ट्रफलचा विचार उपयोगी पडला. ट्रफल म्हणजे ओक, हेझल अशा झाडांच्या मुळांच्या आधाराने जमिनीखाली वाढणारी एक बुरशी. फ्रान्स आणि इटलीत शिकवलेले कुत्रे वासावरून ती हुडकून काढतात आणि ती सोन्यासारखी तोलून विकली जाते. बाटलीत मिळणाऱ्या बहुतेक ट्रफल तेलांत मात्र प्रत्यक्ष ट्रफलचा सुगंध नसतो. ऑलिव्हच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलात 2,4-डायथायापेंटेन नावाचे तयार सुगंधी द्रव्य मिसळलेले असते. पुतणीने बाटली उघडताच स्वयंपाकघरात उग्र वास भरला. नाक मुरडण्यासारखा नव्हता, पण ओळखीचाही नव्हता.

जमिनीच्या पोटातून येणाऱ्या सुगंधाचे आमच्या भागालाही वावडे नाही. पावसाळ्यात मुरबाड-शहापूरच्या रानांत वारुळांवर अळंबी उगवते. वाळवी आपल्या वारुळात ही बुरशी जणू शेतीच करावी तशी जोपासते, आणि पाऊस पडला की तिच्या छत्र्या जमिनीबाहेर येतात. ठाकूर, कातकरी बाया त्या पानांत बांधून बाजारात आणतात. पौषात ती मिळणार नव्हती, म्हणून आम्ही वाळवलेली धिंगरी आणली. रानातली अळंबी स्वतःच्या अंदाजाने खुडून खाणे मात्र कुणीही करू नये. चांदीचा चमचा काळा पडला नाही किंवा लसूण रंग बदलत नाही म्हणजे अळंबी खाण्याजोगी आहे, या परीक्षा पूर्णपणे चुकीच्या आहेत. काही जीवघेण्या जातींचे विष शिजवल्यानेही नष्ट होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती ओळखणाऱ्यांकडून घ्यावी किंवा लागवडीची घ्यावी.

धिंगरीचे तुकडे चिवट असतात. सासऱ्यांच्या पानात त्यांना जागा नव्हती. पण सुगंध तुपात उतरतो, आणि आम्हाला तेवढाच हवा होता. 10 ग्रॅम धिंगरी कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून, पिळून, बारीक चिरली आणि तीन मोठे चमचे साजूक तुपात लसणाच्या एका पाकळीबरोबर मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतली. मग तूप पातळ फडक्यातून गाळून घेतले. भिजवणीचे पाणीही गाळून, आटवून दुधात घातले. उरलेले तुकडे इतरांच्या वालाच्या आमटीत गेले. असे तूप किंवा तेल लागेल तेवढेच करावे आणि त्याच दिवशी संपवावे. लसूण किंवा अळंबी घातलेले तेल घरातल्या उष्णतेवर साठवले, तर त्यात बोट्युलिझमचे घातक जंतू वाढू शकतात.

मऊपणाची परीक्षा राहिली होती. गिळण्याच्या अडचणीसाठी अन्नाचा पोत आणि पेयांचा दाटपणा 0 ते 7 अशा आठ पायऱ्यांत मोजण्याची आयडीडीएसआय ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. सासऱ्यांना चौथी पायरी सांगितलेली होती. घरी ती तपासणे सोपे आहे. चमच्यात घेतलेला लगदा आपला आकार धरून राहिला पाहिजे, आणि चमचा तिरपा करून किंचित हलवताच तो एकसंध घसरून पडला पाहिजे. चमच्याला फारसे काही चिकटता कामा नये. आमचा लगदा पहिल्यांदा थोडा घट्ट निघाला. दोन चमचे गरम दूध घालताच तो हवा तसा घसरला. निवत जाताना बटाटा पुन्हा घट्ट आणि चिकट होतो, म्हणून पातेले जेवण संपेपर्यंत गरम पाण्याच्या परातीत ठेवले.

पंक्ती मांडली तेव्हा सासऱ्यांना उठवायला त्यांचा धाकटा नातू गेला. “आजोबा, आज सगळ्यांना तुमचेच जेवण आहे,” एवढेच तो म्हणाला. ते आले. पहिले पान त्यांचेच होते. सर्वांच्या ताटांत घोटलेल्या बटाट्याचा तोच पांढरा ढीग आणि त्यावर तुपाचा तोच तांबूस थेंब होता. इतरांना शेजारी तांदळाची भाकरी आणि आमटी होती. त्यांना गाळून दाट केलेली वालाची आमटी आणि तांबड्या भोपळ्याचा लगदा, तिन्ही वेगवेगळे वाढलेले. वाटलेले सगळे एकत्र कालवले की रंग आणि वास हरवतात. मग आपण काय खातो आहोत हेच माणसाला कळत नाही. चव म्हणून आपण जे ओळखतो, त्यातला मोठा भाग नाकाचा असतो. त्यांनी चमचा तोंडाजवळ नेला, क्षणभर थांबले आणि सावकाश, तोडत तोडत म्हणाले, “आळंबी... वारुळाची.” मग घास गिळला. कुणी त्यांच्याकडे टक लावून पाहिले नाही. दिरांनी बैलबाजाराची गोष्ट काढली आणि ते ऐकत ऐकत जेवत राहिले. वाटी संपायला पाऊण तास लागला. पण ती संपली.

ती रात्र चमत्काराची नव्हती. गिळण्याची अडचण अजूनही आहे. मात्र तेव्हापासून ते सगळ्यांबरोबरच जेवतात, आणि माघ संपेपर्यंत दीड किलो वजन भरून आले. नळीचा विषय सध्या मागे पडला आहे.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी काही गोष्टींची गाठ मनाशी बांधावी. कोणता पोत चालेल हे तज्ज्ञांनीच ठरवायचे असते. आमच्या घरची पायरी तुमच्या रुग्णाला लागू पडेलच असे नाही. रुग्णाला ताठ बसवून लहान चमच्याने भरवावे आणि एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा. तोंडात घास असताना त्याला प्रश्न विचारू नये. बोलायचे काम इतरांनी करावे. जेवणानंतर दुबळ्या बाजूच्या गालात अन्न अडकले आहे का ते पाहावे आणि अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये. जेवताना खोकला येणे, आवाज ओला-घोगरा होणे किंवा वरचेवर ताप येणे ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावे की 100 ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात सुमारे 20 ग्रॅम कर्बोदके असतात. लहान वाटीभर लगदा घेतला तर भाकरी किंवा भात तितका कमी करावा. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियमविषयी डॉक्टरांना विचारूनच बटाटा खावा.

ट्रफल तेलाची बाटली पुतणीने परत नेली नाही. ती आमच्या फडताळात पुरणयंत्राशेजारी उभी आहे आणि अजून जवळजवळ भरलेलीच आहे. पुरणयंत्राला मात्र आता पुरणाच्या सणाची वाट पाहावी लागत नाही. आठवड्यातून दोनदा ते खाली उतरते. कधी बटाट्यासाठी, कधी सुरणासाठी, कधी कोनफळासाठी. जांभळ्या कोनफळाचा लगदा पानात आला की मुले आधी आजोबांच्या पानाकडे पाहतात आणि मग आपल्यालाही तोच हवा म्हणून वाटी पुढे करतात.