तिखटाचा पत्ता

मुंबईत चांगलं तिखट कुठे मिळेल असं विचारलं, की लोक मला हमखास मोहम्मद अली रोडचा पत्ता देतात. मी मुसलमान, म्हणजे माझं जेवण निहारी, कबाब, बिर्याणी, असा त्यांचा सरळ हिशेब. हे पदार्थ मलाही आवडतात, पण ती माझ्या घरची चव नाही. आमचं घर सांगली जिल्ह्यातलं. अम्मीच्या सालनात कांदा-लसूण मसाला, वर लाल तर्री, सोबत ज्वारीची भाकरी. मुंबईत ही चव मला सापडते ती 'कोल्हापुरी' पाटीखाली, तांबड्या रश्श्याच्या वाटीत.

तिथे एकच गोष्ट विचारावी लागते, "दादा, मटण हलालचं आहे का?" बहुतेकदा "हो" असं उत्तर सहज येतं. पण अलीकडे विचारण्याआधी नजर आजूबाजूच्या टेबलांवर फिरते.

गावात हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे गावगाड्यात बकरं कापायचं काम मुलाण्याचं. जत्रा असो की लग्न, सुरी त्याचीच. त्याच मटणाचा रस्सा पाटलांच्या घरी शिजायचा आणि आमच्याही. म्हणजे तो झणझणीत रस्सा जितका त्यांचा, तितकाच आमचा. मग पाटी कोल्हापुरी असली म्हणून मी तिथे परका कसा?

म्हणून मी प्रश्न दबक्या आवाजात विचारत नाही. "हो" आलं की रश्श्यात भाकरी कुस्करतो. "नाही" आलं तर अख्खा मसूर आणि ठेचा मागवतो. तिखटाची सोय दोन्हीकडून होतेच.